मुहूर्ताची छाटणी

द्राक्षाचा मणी मोजायला आमच्याकडे प्लॅस्टिकची एक पट्टी असते. तिला वेगवेगळ्या मापांची भोकं असतात. मणी अठरा मिलिमीटरच्या भोकात अडकला तर परदेशी जातो, आणि सुळकन खाली पडला तर इथल्याच बाजारात विकायचा. ही पट्टी शर्टाच्या खिशात घालून मी वीसेक वर्षं तासगाव, पलूस, खानापूर भागातल्या बागा फिरतोय. कुठल्या दिवशी काय फवारायचं, मणी फुगायला काय द्यायचं, साल टिकायला काय द्यायचं, हे शेतकऱ्यांना सांगायचा माझा धंदा. लोक मला साहेब म्हणतात. शेतीची पदवी आहे, पांढरी गाडी आहे, गॉगल आहे. बाग मात्र माझी स्वतःची गुंठाभरसुद्धा नाही. सल्ला देणाऱ्याला बाग नसलेलीच बरी, असली की बोलताना जीभ अडखळते.

ह्या धंद्याची मला आता शिसारी आली आहे, हे आधीच सांगून टाकतो. खाणाऱ्याला मोठा मणी पाहिजे, एकसारखा पाहिजे, वर पांढरी लव पाहिजे, तोंडात घातला की कर्रकन वाजला पाहिजे. वेलीला यातलं काहीच नको असतं. तिला तिचा लहानसा मणी पिकवायचा असतो. मग आम्ही मध्ये पडतो. पानांवर बोरॉन मारतो, पालाश मारतो, मण्यात पाणी उतरायच्या आधी कॅल्शियम मारतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संजीवकाच्या, म्हणजे मणी वाढवायच्या औषधाच्या, पाण्यात एकेक घड बुडवतो. मणी ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की पहिल्यांदा, हरभऱ्याएवढा होत आला की दुसऱ्यांदा. बायका हातात औषधाचा प्लॅस्टिकचा मग घेऊन ओळीनं जातात आणि घडाला खालून मग लावून वर उचलतात. घड नखशिखांत भिजला पाहिजे. ह्या बुडवणीवर मण्याचं माप ठरतं, आणि मापावर सगळं वर्ष.

त्यातली पहिली बुडवणी तर वेळेवरच पाहिजे. आठवडाभर आधी केलीत, फुलं अजून पाकळ्यांच्या टोप्या टाकत असताना, तर तेच औषध फुलं गाळतं. जी राहतात त्यांतली निम्मी बाजरीएवढी होऊन तशीच बसतात आणि जन्मभर फुगत नाहीत. नंतर जगातलं काहीही फवारा.

आमच्या भागात बागेचं वय दिवसांत सांगतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की त्या दिवसापासून मोजायचं. रस्त्यात दोघं भेटले तर पोरंबाळं कशी आहेत हे नंतर विचारतील, आधी ‘प्लॉट किती दिवसांचा?’ हे विचारतील. एकविसाव्या दिवशी अमुक, पंचेचाळिसाव्या दिवशी तमुक, सगळं दिवसांवर. मीही असाच कामाला लागलो होतो. चाळीस बागा, प्रत्येकीची छाटणीची तारीख फोनमध्ये, आणि तारखेबरहुकूम मेसेज रवाना. पहिली काही वर्षं मी घड हातात घेऊन बघायचो. पुढे बोलबाला झाला तसा मी घड बघायचा सोडून फोन बघायला लागलो.

आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं. चारी बाजूंनी ऊस. द्राक्ष पिकवणारं घर आमचं एकटंच, तेही वहिनीमुळं. ती तासगावकडची, बागाइतदाराची लेक. लहानपणापासून घड बुडवून तिच्या बोटांची कातडी निघाली असेल. दादा फौजेत, वर्षातून दोनदा येणारा. आबा, म्हणजे आमचे वडील, थकत चाललेले. तिनं लग्नानंतर सात-आठ वर्षं सगळ्यांच्या मागं लागून एकरभर रान मागून घेतलं आणि बाग उभी केली. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला घरात करमत नाही. खरंच करमत नव्हतं. सकाळी चहा झाला की ती बागेत, आणि तिथं ती वेगळीच बाई असायची. मोठ्यानं बोलायची, मजुरांना रागवायची, हसायचीसुद्धा. घरात तिचा आवाज मी क्वचित ऐकला होता.

दादाला बाग पहिल्यापासून खटकत होती. उसाला काय लागतं, लावला की मोकळं, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या बहराच्या वर्षी त्यानं फोनवर सांगूनच टाकलं, ‘औंदा माल बाहेरच्या देशात गेला तर बाग ठेवीन. न्हाईतर मी सुट्टीवर आलो की मोडून ऊस लावणार.’ वहिनीनं मला हे हसत सांगितलं. म्हणाली, ‘भावजी, तुमी हाय म्हनल्यावर मला कशाची काळजी?’ मलाही ते आवडलं. घरच्या बागेचा साहेब मी.

आता ज्याच्यावरून सगळं बिनसलं ते सांगतो. आमच्याकडे छाटणी मुहूर्तावर करायची पद्धत आहे. दसरा हा साडेतीन मुहूर्तांतला, त्यामुळे आबांनी दसरा सोडून दुसरा दिवस कधी धरला नसता. त्या दिवशी मीही गावी होतो. नारळ फोडला, उदबत्ती लावली, आपट्याची पानं वेलीला वाहिली, आणि आबांनी कात्रीनं पाच वेली छाटल्या. ही नुसती मुहूर्ताची छाटणी. खरी छाटणी मजुरांची टोळी येईल तेव्हा. हे इथल्या सगळ्यांना कळतं, मलाही कळत होतं. तरी मी फोटो काढला, आणि लगेच तिथंच उभ्या उभ्या फोनमध्ये तारीख घालून टाकली. म्हटलं, नंतर बदलू.

दसऱ्यानंतर पाऊस झाला, टोळी दुसऱ्या गावात अडकली, आणि खरी छाटणी आठ दिवसांनी झाली. वहिनीनं मला फोन करून सांगितलं. मला तो फोन चांगला आठवतो. मी पलूसला एका मोठ्या बागेत होतो, बागाइतदारानं नाष्ट्याला थांबवलं होतं. ‘भावजी, दिवस आजपास्नं धरा,’ ती म्हणाली. मी हो हो म्हणालो आणि मिसळ खाल्ली. तारीख बदलायची राहिली. राहिली म्हणजे काय, मी विसरलो.

फोनच्या तारखेप्रमाणे चोपन्नाव्या दिवशी मेसेज गेला. उद्या बुडवणी, इतकं पाणी, इतकं औषध. बागेचं खरं वय सेहेचाळीस दिवस. बुडवणीसाठी वहिनीनं बायका सांगून ठेवल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, पाणी कालवलं, आणि मग तिनं पहिला घड हातात घेतला. तिचा फोन आला तेव्हा मी तीन बड्या असामींसमोर उभा होतो, फुगवणीवर प्रवचन देत. तिचे हात औषधाचे होते म्हणून फोन आबांनी तिच्या कानाशी धरला होता, ते मध्येच ‘हॅलो, हॅलो’ करत होते.

‘भावजी, घडाच्या टोकाला टोप्या हायत अजून. मणी धरला न्हाई.’

‘वहिनी, दिवस किती झाले?’

‘तुमच्या मेसेजात चोपन्न हाय. पर खरी छाटणी तर...’

‘मग झालं की. शेड्यूल मी दिलंय ना? बुडवा.’

‘मला बरूबर वाटंना. दोन दिवस थांबू का?’

समोरचे तिघे ऐकत होते. घरची बाईसुद्धा ह्याचं ऐकत नाही, असं त्यांना वाटू नये म्हणून मी आवाज चढवला. ‘बायका परत मिळतील का तुम्हाला? चाळीस बागा बघतो मी. बुडवा म्हटलं ना.’

‘बरं,’ ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि त्या तिघांकडे बघून हसलो. ‘घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड,’ असंही काहीतरी बोललो. ते हसले.

दहा-बारा दिवसांनी गावी गेलो. बागेच्या बांधावर पाय ठेवला आणि तिथंच थांबलो. घडाच्या काड्या लांबलचक आणि उघड्या. मध्येच एखादा मणी, आणि बाकी सगळी बाजरी. ओळीमागून ओळ तेच. काय झालंय ते कळायला मला पट्टी लागली नाही. मी फोन काढला, तारीख बघितली. दसरा. मी तिथंच ती तारीख बदलली. कशासाठी बदलली कुणास ठाऊक.

वहिनी वही घेऊन आली. शाळेतल्या पोरांची असते तसली दुरेघी वही. पहिल्याच पानावर दोन ओळी: ‘दसरा, मुहूर्त, पाच वेली.’ आणि खाली आठ दिवसांनंतरच्या तारखेला ‘छाटणी पूर्ण. दिवस इथून.’ तिनं बोट ठेवून दाखवलं. आवाजात तक्रार नव्हती. ‘मी बरूबर लिवलं हुतं न्हवं, भावजी?’ एवढंच विचारलं.

मी म्हणालो, ‘थंडीनं झालंय वहिनी. वही आत ठेवा.’

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो आहे, धंदाच तसा आहे. पण ‘वही आत ठेवा’ हे मी ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज आठवला की मला माझं तोंड बघवत नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, घरात दिवस मुहूर्तापासून मोजले गेले, आठ दिवसांचा फरक पडला. कुणी मोजले ते मी बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. वही वहिनी लिहिते हे दादाला माहीत होतं.

पुढचा महिनाभर मी तिला फवारे सांगत राहिलो. बोरॉन, पालाश, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, दोनदा कॅल्शियम. गळालेली फुलं फवारून परत येत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण काहीतरी सांगितलं की मला त्या दिवसापुरतं बरं वाटायचं. ती प्रत्येक फवारा वेळेवर करायची. सकाळी दव सुकलं की ब्लोअर लावायची आणि ट्रॅक्टरच्या मागं मागं स्वतः चालून पानं भिजली का बघायची. उरलेल्या वेळात कात्री घेऊन बसायची आणि घडातली बाजरी एकेक करून कापून काढायची, की निदान राहिलेले मणी तरी बरे दिसावेत. बायका लावल्या नाहीत. एकटीच. एकदा मला फोनवर म्हणाली, ‘आता बरे दिसाय लागलेत वो, तुमी बघाय या.’ मी कामाचं निमित्त सांगितलं.

संक्रांतीला दादा सुट्टीवर आला. निर्यातीचा माल बघणारा माणूस त्याच आठवड्यात येऊन गेला. मी त्या दिवशी होतो. त्यानं पहिल्या ओळीत चार घड उलटसुलट केले, पट्टी खिशातून काढलीच नाही, चहाही घेतला नाही. गाडी गेल्यावर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘खेल खतम.’ फौजेतल्या माणसाला फार बोलावं लागत नाही. वहिनी पुढं आली आणि म्हणाली, ‘चुकलं माझं.’ अंगणात आबा होते, मी होतो, शेजारची दोघं होती. आबांनी मान खाली घातली. मी बुटाच्या टोकाला लागलेली माती बघत होतो.

ती असं का म्हणाली, हे मी मला हवं तसं समजून घेतलं. म्हटलं, तिलाही पटलं असेल. म्हटलं, मोठ्या मनाची आहे. माल बेदाण्याला गेला. शिमग्याच्या आधी वेली बुंध्यापासून कापल्या, अँगल उपटून ट्रॉलीत भरले, आणि त्या रानात ऊस आला. वहिनी घरात राहायला लागली.

इथवर झालं असतं तर मी हा लेख कदाचित लिहिलाही नसता. माणसं चुकतात, चूक दुसऱ्यावर ढकलतात, आणि जेवून झोपतात. पण मला ती गोष्ट उपयोगी पडायला लागली. शेतकऱ्यांच्या मीटिंगा असतात, औषधवाले मांडव घालतात, जेवण असतं, आणि मला बोलायला बोलावतात. अशाच एका मीटिंगमध्ये सभा पेंगायला लागली म्हणून मी सांगितलं, ‘एका गावात एका बाईनं काय केलं ऐका. दिवस मोजले मुहूर्तापासून!’ मांडव हसला. जिथं सगळेच दसऱ्याला पाच वेली छाटतात, तिथं हा विनोद चांगलाच चालतो. मग मी तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायला लागलो. दर वेळी त्यात थोडी भर पडत गेली. बाई अडाणी झाली. बाई कुणाचं ऐकत नव्हती असं झालं. ‘मी सांगत होतो थांबा, तर म्हणते कशी, बायका परत मिळायच्या न्हाईत!’ हेही मीच घातलं. माझंच वाक्य मी तिच्या तोंडी दिलं आणि टाळ्या घेतल्या.

अशी पाच-सहा वर्षं गेली. आबा गेले. दादा पेन्शनीत निघाला. आणि दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ काढून आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला. ‘आपल्या गावचे सुपुत्र’ म्हणून, हार-फुलांच्या चित्रांसकट. ग्रुपवर दादा आहे. वहिनीही आहे.

फोन येईल म्हणून मी तीन दिवस वाट बघितली. कुणाचाच आला नाही. पुतणीनं तेवढा मेसेज टाकला, ‘काका, आईनं बघितला व्हिडिओ.’ पुढे काही नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी गाडी काढली आणि गावी गेलो. रस्ताभर बोलायचं काय ते जुळवत होतो. दादा शिव्या देईल, कदाचित हातही उचलेल, आणि ते झालं की मी सुटेन, असं माझं गणित होतं. इतक्या वर्षांनंतरही मी माझंच बघत होतो.

दादा सोप्यात पेपर वाचत होता. वहिनी आत पोहे करत होती, फोडणीचा वास येत होता. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं, की बाग माझ्यामुळं गेली. तारीख माझ्या फोनात चुकली होती. वहिनीनं आधी सांगितलं होतं, बुडवायच्या सकाळीही फोन करून सांगितलं होतं, थांबू का विचारलं होतं. मी ओरडलो म्हणून तिनं बुडवणी केली. वहीत बरोबर लिहिलेलं होतं, ते मी बघितलं होतं, आणि तरी तुला तसं सांगितलं. मला रडू आलं होतं, ते खरं होतं.

दादानं पेपरची घडी घातली. चेहऱ्यावर राग तर सोडाच, साधं नवलसुद्धा नव्हतं.

‘बस,’ तो म्हणाला. ‘रडतोस कशाला? मला ठावं हाय सगळं.’

मला काही कळेना.

‘आबांनी सांगितलं हुतं. फोन त्यांच्याच हातात हुता न्हवं? त्यांनी सगळं ऐकलं. तू गावात यिऊन गेलास, त्याच दिवशी त्यांनी मला फोन केला. तुला मी नंतर लावला.’

‘मग तू बोलला का नाहीस?’

‘काय बोलायचं, गड्या? तुझं नाव मोठं व्हाय लागलं हुतं त्या भागात. घरच्याच बागंत चुकला म्हनल्यावर कुनी दारात तरी उभं केलं असतं का तुला? आबा म्हनले, पोराचा धंदा बुडंल, गप ऱ्हावा. मलाबी पटलं. हिचं काय, ही घरातच हुती.’

तो हे अगदी मायेनं म्हणाला. मला वाचवलं ह्याचा त्याला थोडा अभिमानच होता. माझ्या डोक्यात विचार आला की चला, सुटलो. तो पुरता यायच्या आत माझं लक्ष आतल्या दाराकडे गेलं.

वहिनी पोह्यांच्या दोन ताटल्या घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मी काय केलं होतं ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यात तिला नवीन काही नव्हतं. इतकी वर्षं ती एकाच गोष्टीच्या आधारावर ह्या घरात गप्प बसली होती, की नवऱ्याला खरं माहीत नाही. माहीत असतं तर त्यानं बाग मोडली नसती. तो आधार मी सकाळी सकाळी गाडी घेऊन येऊन काढून घेतला होता.

तिनं ताटल्या उंबऱ्याशी खाली ठेवल्या.

‘आवं, कवापास्नं ठावं हाय तुमास्नी?’

‘सांगितलं की आता. तवापास्नंच.’

‘मला चुकलं म्हनाय लावलं, तवाबी ठावं हुतं?’

‘मी कुठं लावलं? तूच म्हनालीस.’

‘मग बाग का काढली?’

दादानं पेपर परत उघडला. ‘झालं ते झालं,’ म्हणाला. ‘त्याला पानी आन आधी. लांबनं आलाय.’

वहिनी हलली नाही. रानात मजुरांशी बोलायची त्या आवाजात, जो मी ह्या घरात कधी ऐकला नव्हता, तिनं पुन्हा विचारलं, ‘ठावं हुतं, तर बाग का काढली?’